पाणी गाळणाऱ्या शेठाणी

किराणा दुकानवाल्या शेठाणी रोज बारवेच्या पायऱ्यांवर भेटत. त्यांचं घर जैनांचं. दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय त्या पाणी नेत नसत, आणि नंतर ते कापड उलटं करून बारवेतच अलगद धूत. माझी शेजारीण एकदा म्हणाली, "काय शेठाणी, मोती सापडून राह्यले का?"

"मोती न्हाई बाई, जीव हायेत. आपल्या पोटात मरतील बिचारे."

त्या साली माझ्या ह्यांच्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा किडा निघाला आणि ऐन पेरणीत ते अंथरुणाला खिळले. सरकारी डॉक्टर म्हणाला, नारूचं बी पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात असतं, पाणी गाळून प्या. माझी मुलगी तेच पाणी पीत होती. शेठाणींच्या घरी मात्र कुणाला नारू झाल्याचं ऐकलं नव्हतं.

मी घागर घेऊन त्यांच्याकडे कापड मागायला गेले. त्यांनी माझी घागर ओढून घेतली, आपली जुनी ओढणी दुहेरी करून घागरीच्या तोंडावर बांधली.

"बिलकुल ढिली ठेवू नका."

"आता तरी हे जीव मारायचे ना?" मी विचारलं.

"मारता कशाला? नुसते पिऊ नका."

पुढची पेरणी ह्यांनी स्वतः केली. मुलीचे पाय मी रोज बघते. काही निघालं नाही. काल शेजारणीनं तिची घागर माझ्यापुढे धरली. मी ओढणी बांधली आणि म्हटलं, "बिलकुल ढिली ठेवू नका."

वरच्या पायरीवर शेठाणी गालात हसत होत्या.