मामांची कवळी

दातांच्या डॉक्टरांचा जेवढा अपमान माझ्या बायकोच्या मामांनी केला, तेवढा अख्ख्या नागपुरात कोणी केला नसेल. तोही माझ्या स्कूटरवर बसून जाऊन! मला अजून संताप येतो. मामा राहायचे प्रताप नगरात, दवाखाना धंतोलीत. आठ खेपा मी केल्या. हलणारे दात निघाले, हिरड्या भरून आल्या, मापं झाली आणि शेवटी वरखाली दोन्ही कवळ्या बसल्या. उपटलेला प्रत्येक दात मामा मागून घेत आणि रुमालात बांधत. डॉक्टरांनी विचारलं, "याचं काय करणार?" तर म्हणाले, "तुमी तरी काय करान जी? माह्या घरचा माल आहे." मापाचा लगदा तोंडात असताना बोलता येईना, तेव्हा त्यांनी हातवारे करून भांडण चालू ठेवलं.

नवी वस्तू वापरायची नाही, हा मामांचा जन्माचा बाणा. छत्री भिजेल म्हणून ती घरी ठेवून ते डोक्यावर पोतं घेऊन भाजी आणायला जात. चिखल दिसला की नव्या चपला पायातून हातात येत. त्यामुळे कवळी बसल्यावर आठवड्यानं मामी दारात मला म्हणाल्या, "जेवाले बसले का कवळी डबीत काढून ठेवतेत जी. आता तुमीच सांगा त्यायले," तेव्हा मला नवल वाटलं नाही, फक्त चीड आली. मामी नेहमीसारख्या तोंडाला पदर लावून बोलत होत्या. जावयासमोर तो पदर कधी खाली येत नसे. जुन्या वळणाची बाई, असं मी समजत आलो होतो.

फिरायला जाताना कवळी, पानठेल्यावर गप्पांना कवळी, शेजारच्या लग्नात फोटोला कवळी, आणि जेवताना मात्र डबीत! अहो, चावता येत नव्हतं म्हणून तर हा माणूस वाळून काटकुळा झाला होता. नीट चावून खाल्लं नाही तर पोटाचं दुखणं हटणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दोनदा चढ्या आवाजात विचारलं, "टोचते का?" म्हणाले, "नाही." "मग काय झालं?" तर, "राहू द्या ना जी जावईबापू."

शेवटी एका रविवारी, न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी मी जाऊन थडकलो. एरवी मी असलो की मामी आम्हाला वाढून मागाहून एकट्या जेवत. त्या दिवशी दोघं समोरासमोर बसली होती. दोन्ही ताटांत वरणात कुस्करलेली भाकर होती. मामींनी घाईनं पदर ओढला, पण तोवर मला दिसलं होतं. तोंडात चार-दोन दात, तेही हललेले.

"ही काला खाऊन राहिली, अन् मी समोर बसून कटकट चावू काय?" मामा माझ्यावरच खेकसले. "मले आठ खेपा नेलं तुमी. हिले एकदा तरी इचारलं?"

मी उंबऱ्यावरच बसलो. राग गेला नव्हता. तो आता माझा मलाच येत होता. इतकी वर्षं त्या घरी जेवलो आणि त्या पदरामागे काय आहे, हे माझ्या मनातही आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मामींना धंतोलीला नेलं. "मले कायले?" असं त्या रस्ताभर म्हणत होत्या. मामा दवाखान्याच्या बाकावर खिशातली कवळीची डबी चाचपत बसले. मामींचा पहिला दात निघाला, तसे ते उठून आत गेले, डॉक्टरांकडून तो मागून घेतला आणि आपल्या दातांच्या रुमालाची गाठ सोडून त्यातच बांधला.