अण्णा कुत्र्यांच्या शाळेत

माणूस गाव सोडतो तेव्हा वेशीवर एकदा मागे वळून पाहतो, आणि त्या एका नजरेत त्याचं पुढचं सगळं आयुष्य साठलेलं असतं. आपल्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेत हे वाक्य मी दरवर्षी कुणा ना कुणाच्या लेखात वाचत आलो आहे, तेव्हा ते खरं असणार. मी स्वतः मागे वळून पाहिलं नाही. आंब्याच्या पेट्या घेऊन दादरला निघालेला टेम्पो रस्त्यात उभा होता, चिंगी त्यात चढायला तयार नव्हती आणि माझे दोन्ही हात तिच्या पोटाखाली होते. चिंगी म्हणजे आमची गावठी कुत्री. तिनं पुढचे पाय फळीला असे रोवले होते की शेवटी ड्रायव्हरनं पुढून ओढली आणि मी मागून ढकलली. हे कधीही करू नये, असं आज मी लोकांना पहिल्याच तासाला सांगतो.

आई पडवीतून म्हणाली, "पोचल्यार फोन कर. आणि तिका पोटभर घालू नको, घाटात ओकात." अण्णा अंगणात हात मागे बांधून उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील, म्हणजे तुमच्यापैकी पस्तिशीच्या पुढच्या सगळ्यांचे गुरुजी. ते एकच वाक्य बोलले.

"शिकवायचंच होतं, तर माणसांना शिकवायचं होतं."

याला सात वर्षं झाली. माणसांना शिकवून मी पाहिलं होतं. तालुक्याच्या शाळेत तीन वर्षं कंत्राटी शिक्षक होतो, मग कंत्राट संपलं. त्याच सुमारास नीलाताई देवीच्या जत्रेला आपल्या गावात आल्या होत्या. त्या मूळच्या ठाकूरद्वारच्या. बँकेतून वेळेआधी निवृत्त होऊन त्यांनी परळला कुत्र्यांची शाळा काढली होती. चिंगीला माझ्या एका खुणेवर फाटक लावताना पाहून त्या थांबल्या.

"हिला कसं शिकवलंत? मारून?"

"नाही. सुक्या बांगड्याचे तुकडे देऊन."

"मग मुंबईला या," त्या म्हणाल्या. एवढी सोपी मुलाखत मी आजवर दुसरी दिलेली नाही.

आमची शाळा एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातल्या शेडमध्ये भरते. पद्धत एका ओळीची आहे. हवं ते केलं की बक्षीस, नको ते केलं की काहीच नाही. मारणं नाही, साखळीला हिसके नाहीत, ओरडणं तर नाहीच. सकाळी साध्या शिस्तीचे वर्ग असतात. संध्याकाळी खेळांचे, म्हणजे उड्या, कापडी बोगदा, ओळीत रोवलेल्या काठ्यांतून नागमोडी पळणं. पावसाळा लागला की काळाचौकी आणि लालबागच्या कुत्र्यांसाठी खास वर्ग घेतो. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावायचं आणि कुत्र्यांना उकडलेली कलेजी द्यायची, मग दर आठवड्याला आवाज थोडा वाढवायचा. त्यामुळे गणपतीत कुत्री पलंगाखाली लपत नाहीत. मिरवणूक गल्लीत शिरली की भक्तिभावानं लाळ गाळतात.

वर्षातून एकदा पदवीदान असतं. नीलाताईंना ते पसंत नाही, पण पालकांचा आग्रह असतो. पालक म्हणजे कुत्र्यांचे मालक, त्यांना मालक म्हटलेलं चालत नाही. काळ्या टोप्या घातलेले लॅब्राडोर रांगेत बसतात, दादरच्या आया डोळे पुसतात, आणि एखाद्यानं टोपी खाल्ली तरी पदवी परत घेत नाहीत. मी विद्यापीठाचंही पदवीदान पाहिलेलं आहे. फरक टोपी खाण्यापुरताच आहे.

मी लालबागला एका खोलीत राहतो. एप्रिल-मे महिन्यांत गल्लीत मिरच्या कुटायला लागल्या की चिंगी दिवसभर शिंकते. पण मला इथे आल्या आल्या जे वाटलं ते सांगतो, कारण इथे आलेल्या बऱ्याच जणांना ते वाटलं असेल आणि स्मरणिकेत ते कुणी लिहीत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. गावात मी कुठेही उभा राहिलो की समोरचा माणूस आधी अदबीनं सरळ होई, मग "गुरुजींचो झील" म्हणजे मुलगा, खुद्द गुरुजी नव्हे, म्हणून जरा सैल पडे आणि मग स्वतःचा तळहात दाखवून अण्णांच्या निगडीच्या शिमटीची, म्हणजे छडीची, आठवण सांगे. परळला कुणाचाही तळहात मला पाहावा लागला नाही.

अण्णांनी माझी नोकरी गावात कुणाला सांगितली नाही. "प्राण्यांच्या संशोधन संस्थेत आहे," असं ते सांगत, आणि मीही ते खोडत नसे. उलट सुटीत घरी गेलो की मीच "वर्तनशास्त्र" वगैरे शब्द वापरत असे. आम्ही दोघं मिळून एक संस्था चालवत होतो, फक्त ती कुठे नव्हती. फोनवर ते चिंगीची चौकशी करत, माझी करत, कामाची कधीच नाही. मुंबईला ते आले नाहीत. सहा वर्षांत एकदाही नाही. मी दर वेळी बोलावत असे आणि ते नको म्हणाले की मला बरं वाटत असे. कारण ते आले तर शेडमध्ये उभे राहून, हात मागे बांधून, काय म्हणतील ते मला माहीत होतं, आणि ते ऐकल्यानंतर मला तिथे पुन्हा पहिल्यासारखं उभं राहता आलं नसतं.

गेल्या वर्षी ते आले. माझ्यासाठी नाही, सत्कारासाठी. मुंबईतल्या माजी विद्यार्थ्यांनी दादरला एक हॉल घेतला होता. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होता, म्हणून थोडक्यात सांगतो. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि अकरा भाषणं. अकराही भाषणांत एक वाक्य होतं, "गुरुजींनी मारलं म्हणून आम्ही घडलो." प्रत्येकानं तळहात उंचावून दाखवला आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. जे घडले नाहीत त्यांना निमंत्रण नव्हतं. अण्णा शाल पांघरून बसले होते. पंखा डोक्यावर नव्हता, तरी शाल त्यांनी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांची गाडी दुपारची आणि माझा वर्ग सकाळचा. खोलीत एकटे राहिले असते, पण चिंगीबरोबर एकटं राहायची त्यांची तयारी नव्हती. कुत्र्यांना ते घाबरतात, हे मला तिसाव्या वर्षानंतर कळलं. "चल, बघतो तुझी संस्था," ते म्हणाले.

त्या दिवशी नेमका आमचा एक खेळ होता, त्याला कुत्री घरी ठेवून यायचं असतं. कुत्र्याला कसं वाटतं ते माणसांना कळावं म्हणून आम्ही तो माणसांवरच खेळतो. एकानं बाहेर जायचं. बाकीच्यांनी त्याच्याकडून काय करवून घ्यायचं ते ठरवायचं. तो आत आला की बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. हातात क्लिकर, म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, दाबली की टिक वाजते. तो योग्य दिशेनं गेला की टिक आणि एक शेंगदाणा. चुकला तर काही नाही.

नीलाताई अण्णांना म्हणाल्या, "काका, तुम्ही याल? हे सगळे खेळून खेळून लबाड झालेत."

मी घाईनं म्हणालो, "अण्णांचे गुडघे दुखतात."

"माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले आणि बाहेर गेले.

क्लिकर तुषारकडे होता. तुषार काळाचौकीचा, कुरिअर कंपनीत कामाला, तिशीचा, भरघोस मिशी आणि राजा नावाचा एक भित्रा कुत्रा बाळगून. तो म्हणाला, "सर, हात पुढे करायला लावू? इझी आहे."

"ते नको," मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन, कारण नीलाताईंनी वळून पाहिलं.

शेवटी निळ्या स्टुलावर बसायचं, असं ठरलं.

अण्णा आत आले आणि उभे राहिले. नुसते उभे. हात मागे नव्हते, मांड्यांना चिकटले होते. हलल्याशिवाय टिक नाही, आणि ते हलेनात. मिनिट गेलं असेल. वरच्या ओठावर घाम आला. ते उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं. एकोणिसाचा पाढा विचारला की आमचा अख्खा चौथीचा वर्ग असा उभा राही. हललं तर चूक होईल, म्हणून कुणी हलायचं नाही. फक्त तेव्हा ते समोर असत. आता मी समोर होतो, आणि नियमाप्रमाणे मला बोलता येत नव्हतं.

मग त्यांनी उजव्या गुडघ्यावरचा भार जरासा हलवला. तो गुडघा खरंच दुखतो. तुषारचा अंगठा घाबरून दाबला गेला. टिक.

अण्णांनी शेंगदाण्याकडे पाहिलं, तो खाल्ला आणि पुन्हा उजवा गुडघा वाकवला. काही नाही. जास्त वाकवला. काही नाही. मग दोन्ही वाकवून पाहिले. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं. टिक अर्धा क्षण इकडेतिकडे झाली की कुत्रा भलतंच शिकतो आणि इमानानं तेच करत बसतो. पण इथे अकरा भाषणांचे सत्कारमूर्ती सात-आठ लोकांसमोर उठाबशा काढत होते. मागे कुणीतरी हसू दाबलं. मला वाटलं, संपलं. आता ते निघतील, आणि पुन्हा फोनवर फक्त चिंगीची चौकशी होईल.

"सॉरी, काका," तुषार बोलला. नियम मोडून बोलला. "तुमची काय मिस्टेक नाय. माझा अंगठा चुकला. परत करू, टेन्शन नका घेऊ."

अण्णा सरळ झाले. त्यांनी तुषारकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेपुढे एकेकाळी भल्याभल्यांना पुढचं आठवत नसे, पण तुषारला ते कुठे माहीत? तो क्लिकर घेऊन हसत उभा होता.

मग अण्णांनी एक पाऊल टाकलं, डावीकडे. काही नाही. ते थांबले, काही होतंय का ते पाहिलं, खरंच काही होत नव्हतं. उजवीकडे टाकलं. टिक. पुढच्या दोन मिनिटांत ते शेडभर फिरले. बोगद्यात डोकावले, काठीला हात लावला, चुकले की नुसते वळत होते, एकदा तर स्वतःशीच "अस्सं" म्हणाले. निळ्या स्टुलावर बसले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवशीपेक्षा कमीच होत्या, पण या वेळी त्यांनी मान वर करून कोण वाजवतंय ते पाहिलं.

टॅक्सीत बसल्यावर हिंदमाता येईपर्यंत अण्णा गुडघा चोळत होते. मग म्हणाले, "तो मिशीवाला सॉरी का म्हणाला?"

"त्याची टिक चुकीच्या वेळी वाजली."

"पण स्टूल मला सापडत नव्हतं."

"आमच्याकडे ती शिकवणाऱ्याची चूक धरतात."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

"फार सोपं करून ठेवलंय तुम्ही," अण्णा म्हणाले, आणि जरा थांबून, "कुत्र्यांना."

सिग्नलला गाडी थांबली. ते बाहेर बघत होते.

"खालच्या वाडीतल्या बाबल्याला भागाकार येत नव्हता. पाचवीतच शाळा सोडली त्यानं." सिग्नल सुटला. "काल आला नव्हता तो."

मी टॅक्सीचे सुटे पैसे काढून ठेवले.

दादरला गाडीत त्यांची बॅग वर ठेवत होतो, तेव्हा समोरच्या सीटवरच्या गृहस्थांनी विचारलं, "मुलगा का? काय करतात?"

माझ्या तोंडात "वर्तनशास्त्र" तयार होतं.

"परळला कुत्र्यांच्या शाळेत मास्तर आहे," अण्णा म्हणाले. हजेरी घेताना काढत त्याच आवाजात, डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. "मारत नाहीत तिथे."

गाडी सुटल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. सहा वर्षं एक ओझं उचलून धरलं होतं आणि ते खाली ठेवायला कुणी मनाई केलेली नव्हती, असं काहीसं वाटलं. रडू वगैरे आलं नाही. भूक लागली.

तेव्हापासून अण्णा फोनवर कामाचं विचारतात. राजा ढोलाला घाबरतो का अजून, नवीन कुणी आलं का, बोगद्यात न शिरणाऱ्याचं पुढे काय झालं. गणपतीला गेलो तर आई म्हणाली, "तुझो बापूस खालच्या वाडीत जावन इलो. बाबल्याकडे. दोन तास बसललो. काय बोललो ता सांगणा नाय." मीही विचारलं नाही. मे महिन्यात माझी रजा आता चार दिवसांची नसते, पंधरा दिवसांची असते.

अशा लेखाच्या शेवटी घर म्हणजे काय ते सांगण्याची पद्धत आहे, म्हणून सांगतो. गाव सोडलं तेव्हा मला वाटे, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही ते घर. आता वाटतं, जिथे पाऊल चुकलं तर काही होत नाही आणि माणसाला दुसरं पाऊल टाकून बघता येतं, तेच घर. ते परळला असू शकतं, आपल्या पडवीतही असू शकतं आणि पंचाहत्तराव्या वर्षीही सापडू शकतं.

त्या रविवारी गावी जाताना अण्णांनी माझ्याकडून एक क्लिकर मागून नेला होता. आईच्या चहात साखर बेताची पडली की ते टिक वाजवायचे. तिसऱ्या दिवशी तिनं तो विहिरीत टाकला.