शटर उघडं राहिलं ती दोन मिनिटं

माझा धाकटा भाऊ तेहतीस वर्षं एका बिनखिडकीच्या खोलीत बसला. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागे, दाराला आतून काळा पडदा. आत एक मायक्रोस्कोप, एक फिरती खुर्ची, एक छोटा फ्रीज आणि हा. प्रयोगशाळेतले लोक त्याला तोंडावर वटवाघूळ म्हणायचे. त्यावर तो म्हणायचा, "लटकायला जागा द्या, मग चिडवा." तेहतीस वर्षं हाच विनोद. त्याला नवा करायची गरज कधी वाटली नाही.

आधी त्याचं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मूत्रपिंडाचा आजार नेमका कोणता हे ठरवायला सुईने मूत्रपिंडाचा एक तुकडा काढतात, पेन्सिलीतल्या शिशाएवढा. तो गोठवून त्याचे पातळ काप करतात, काचेवर ठेवतात आणि त्यावर असा रंग सोडतात की तो फक्त आजार बसला असेल तिथेच चिकटतो. निळा उजेड टाकला की तो रंग हिरवा चमकतो. आता गोम अशी, की ज्या उजेडाने तो चमकतो तोच उजेड त्याला खातो. मिनिट-दोन मिनिटांत हिरवं फिकं पडतं आणि परत येत नाही. म्हणून उजेडाच्या वाटेवर एक शटर असतं. उघडायचं, फोटो काढायचा, बंद करायचं.

त्याचा नियम होता, आधी फोटो, मग डोळे. नवे डॉक्टर शिकायला यायचे आणि "अरे वा, काय सुंदर" करत बघत बसायचे. हा त्यांच्या हातावर फूटपट्टी मारायचा. "हौस असेल तर फोटो बघा. तो बघून झिजत नाही." एकदा एका बड्या डॉक्टरांना त्याने खोलीबाहेर काढलं होतं. त्यांनी तक्रार केली. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी ती वाचली आणि फाडली.

घरीही तेच. बारकी, म्हणजे त्याची मुलगी, फ्रीज उघडून विचार करत उभी राहिली की हा आतून ओरडायचा, "बंद कर."

"बाबा, भाजीचा रंग उडत नाही."

"सवय उडते."

बारकीची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. तेव्हापासून पोर निम्मी माझ्याकडेच वाढली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. ती माझ्या टेबलाखाली बसून जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे नकाशे काढायची. पुढे नकाशांच्याच कचेरीत लागली. बाविसाव्या वर्षी, नोकरीला चार महिने झाले असताना, तिचे पाय सुजायला लागले. मग लघवी लाल झाली. सुई घालून तुकडा काढला, आणि तो अर्थातच तिच्या बापाच्याच खोलीत आला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे काम तुम्ही करू नका."

"मग कोण करणार? ती दुसरी तंत्रज्ञ आहे ती फोकस लावेपर्यंत अर्धा रंग जातो. माझ्या मुलीचा तुकडा तिच्या हातात देऊ?"

बाईंनी ऐकलं. चूक तिथे झाली आणि ती दोघांचीही होती, असं मी बाईंनाही सांगितलं आहे.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे बारीक गोळे असतात. आजार तिथे दिसतो. तुकड्यात असे दहा-बारा गोळे मिळावेत अशी अपेक्षा असते. बारकीच्या तुकड्यातून रंग लावायला जो भाग मिळाला त्यात एकच निघाला. त्याच्यावर हिरवे ठिपके दिसले तर आजार सावकाशीचा, गोळ्या देऊन वाट बघता येते. रिबिनीसारखी अखंड रेघ दिसली तर उपचार आजच्या आज सुरू करायचे. नाहीतर आठवड्याभरात दोन्ही मूत्रपिंडं जातात.

सकाळी सव्वादहाला तो बसला. शटर उघडलं. गोळा सापडला. रेघ होती.

हे त्याने मला नंतर सांगितलं, आमच्या जिन्यात उभं राहून. "ताई, फोटोच्या बटणाकडे हातच गेला नाही. वाटलं, कुठेतरी तुटलेली असेल. म्हणून रेघेवरून फिरत राहिलो."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं असतील."

"आणि मग?"

"मग तुटली." जरा थांबून म्हणाला, "मला आनंद झाला गं."

रंग उडतो तो सगळीकडून सारखा उडत नाही. जिथे दाट असतो तिथे उरतो आणि मधला जातो. रेघेचे ठिपके होतात. ही गोष्ट त्या इमारतीत त्याच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. फूटपट्टी मारताना तो हेच तर सांगायचा. त्या सकाळी त्याने आधी डोळे लावले आणि मग फोटो काढला. फोटोत ठिपके आले.

बाई आल्या. त्याने फोटो पुढे केला.

"फिकं आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"ठिपकेच वाटतात."

"हो."

बस्, एवढंच. रक्ताची एक तपासणी बाहेरगावी पाठवली होती, तिचं उत्तर नऊ दिवसांनी येणार होतं. तोवर गोळ्या लिहून दिल्या आणि बारकीला घरी सोडलं. तिची खोली लावायला मी गेले होते. हा इतका मोकळा बोलत होता की मला बरं वाटलं. बारकीने पलंगावरून ऑर्डर सोडल्या, "आत्या, उशी उंच. बाबा, तू जरा कमी हस, शेजारी घाबरतील."

चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, लघवी जवळजवळ थांबली. तेव्हा तो माझ्याकडे आला आणि जिन्यातच सगळं बोलला. मी त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. "चल," म्हटलं, आणि होते त्या साडीत निघाले.

बाईंनी उभ्यानेच ऐकलं. ओरडल्या नाहीत. एकच विचारलं, "फोटो आधी का नाही काढलात?" उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन उचलला. तासाभरात बारकी भरती झाली, रक्त गाळून परत देण्याचे उपचार सुरू झाले. बाहेरगावचं उत्तर आलं ते रेघेचंच होतं. पण मूत्रपिंडं गेली होती.

त्याच दिवशी सुरू केलं असतं तर वाचली असती का? बाई म्हणतात, कदाचित. काहींची पहिल्या दिवशी सुरू करूनही जातात. एकतीस वर्षं मी मुलांच्या उत्तरांतला 'कदाचित' लाल शाईने खोडत आले. इथे मात्र दुसरा शब्द नाही.

मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. बापाने आपलं मूत्रपिंड देऊ केलं, पण त्याला मधुमेह. माझं वय आडवं आलं. दुसऱ्या महिन्यात मशीन चालू असताना त्याने बारकीला खरं काय ते सांगून टाकलं. मी नको म्हणत होते. आपलं ओझं तिच्या अंगावर कशाला टाकतोस, असंही बोलले. त्याने ऐकलं नाही.

बारकी छताकडे बघत होती. "कशी होती रे रेघ?"

"चांगली... म्हणजे स्पष्ट होती."

"सुंदर होती का?"

"हो," तो म्हणाला.

"मग बघितलंस ते बरं केलंस. आता दुसऱ्या कोणाला दिसायची नाही." एवढं बोलून तिने मान भिंतीकडे वळवली, आणि पुढचे चार दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी त्याला म्हणाली, "पाय चेप." तो चेपत बसला.

वीस महिने ती जगली. त्यातले आठ महिने कचेरीतही गेली, हाताची पट्टी लपवायला लांब बाह्यांचे कपडे शिवून घेतले. मग कुठूनसा जंतुसंसर्ग झाला आणि तीन दिवसांत संपलं. चोविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं.

तो पुन्हा त्याच खोलीत जायला लागला. सोडून कुठे जाणार? फोटो आधी काढत असे, हे सांगायला नको.

गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, एका दुपारी तो माझ्याकडे आला. मी वाटाणे सोलत होते. त्यानेही मूठभर घेतले.

"ताई, एक विचारायचंय. बाई म्हणाल्या ठिपके वाटतात, आणि मी हो म्हणालो. तेव्हा मला माहीत होतं का?"

"बाईंना विचारलंस?"

"विचारलं. त्या म्हणतात, बापाच्या डोळ्यांना दिसलं तेच तुम्ही बोललात. बारकी पण म्हणायची, तुला माहीत नव्हतं बाबा."

"मग मला कशाला विचारतोस?"

"तू गोड बोलत नाहीस म्हणून."

मी हातातली शेंग पुरती सोलली. "होतं," म्हटलं. "तुला माहीत होतं."

त्याची मान हलली, ती नाही म्हणायला नव्हे.

"मलाही तसंच वाटतं," म्हणाला.

तो उठायला लागला तसं मी म्हटलं, जेवूनच जा. तो परत बसला आणि राहिलेले वाटाणे त्याने पुढे ओढले.