समुद्राकडे पाठ करणारे साडू

कोकणातला समुद्र परशुरामाने मागे हटवला असेल, पण पुणेकरांना तो नीट दाखवला माझ्या साडूंनी. हे विधान मी पंचाहत्तरी ओलांडल्यावर आणि पूर्ण शुद्धीत करतो आहे. साडूंचं कोकणात घर नाही, नारळाचं एक झाड नाही, लांबचा मामासुद्धा नाही. जन्म कसबा पेठेतला, नोकरी एका सरकारी कचेरीत आणि निवृत्तीनंतरचा फ्लॅट कोथरूडला. पण दिवेआगरच्या खानावळीत मालकीणबाईंनी "गाव कुठलं तुमचं?" असं विचारलं, की हा माणूस "कसबा पेठ" असं इतक्या ऐटीत सांगायचा, की हेही जवळपासचंच एखादं बंदर असणार असं बाईंना वाटावं.

दर हिवाळ्यात ते नातेवाईक आणि सोसायटीतली मंडळी गोळा करून मिनीबसने कोकणात न्यायचे. यात त्यांना मिळायच्या त्या फक्त तक्रारी. सहलीचा दिवस पंचांगातून निघायचा. बाकीचे लोक पंचांग लग्नमुंजीसाठी उघडतात, साडू भरती-ओहोटीसाठी उघडत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा हिशेब ते बोटांच्या पेरांवर करायचे. मुलीच्या लग्नासाठी गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले, तेव्हा यांनी त्यातला एक जागच्या जागी बाद केला. "का हो? योग उत्तम आहे," गुरुजी म्हणाले. "योग उत्तमच आहे. पण त्या दुपारी हेदवीला मोठी भरती आहे. मी इथे अक्षता टाकत बसू?" माझी मेहुणी त्यानंतर दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. साडूंच्या ते रात्री जेवताना लक्षात आलं.

हेदवीला किनाऱ्यालगतच्या खडकात एक लांब, अरुंद चीर आहे. बामणघळ म्हणतात तिला. भरतीची लाट त्या चिरेत शिरते आणि दुसरीकडून एकदम घरावर जाईल एवढी उंच उसळते. एका वर्षी वाटेत उकडीचे मोदक मिळाले, मी पुन्हा एकदा पान वाढून घेतलं, आणि आम्ही पोचलो तोवर भरती उतरून गेली होती. घळीत नुसतं बुडबुड पाणी. पाहुणे घेऊन यावं आणि यजमानाच्या दाराला कुलूप असावं, तसे साडू उभे राहिले. "आज ते घरी नाहीत," ते मंडळींना म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून, "नाना, मोदक बरे होते ना?" दुसऱ्या दिवशी पुण्याकडे निघालेली बस त्यांनी परत हेदवीला नेली. उसळलेल्या पाण्याने आम्ही नखशिखांत भिजलो, आणि त्यानंतर आजतागायत मी मोदक बेतानेच खातो.

समुद्राचं पहिलं दर्शन कुठे द्यायचं, हेही ठरलेलं. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीजवळ रस्ता थेट पाण्याच्या कडेने धावतो. त्याआधी बसचे सगळे पडदे ओढून घ्यायचे. निवृत्त बँक मॅनेजर असलेले एक शेजारी एकदा चिडले. "अहो, आम्हाला पडदे बघायला आणलंत का?" साडू शांतपणे म्हणाले, "नाटकाला जाता तेव्हा आधी काय बघता?" तरी एखादी बाई फट करून बघायचीच. "दिसला बाई एकदाचा समुद्र!" "दिसला नाही. तुम्ही डोकावलात," साडू म्हणायचे. अलीकडे मोबाइलसाठी ते एक कापडी पिशवी आणत. माझी पुतणी कळवळून म्हणाली, "काका, एक रील तरी!" "आधी डोळ्यांत घे. तिथे जागा उरली नाही, की मग त्या डबीत." वळण आलं की गाडी थांबायची, पडदे उघडायचे आणि बसमधली सगळी कटकट एका दमात बंद व्हायची.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो, की देवळात शिरण्याआधी सगळ्यांना बाहेर थांबवायचे. खाली नारळाची बनं, खाडीचं वळण, पलीकडे उघडा समुद्र. "देव एवढ्या उंचावर येऊन का बसला, ते आधी बघून घ्या. मग नमस्कार करा." दाभोळच्या फेरीबोटीत कुणाला गाडीत बसू द्यायचे नाहीत. या जागा आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, पण आमच्या सोसायटीत त्या आल्या त्या साडूंच्या बोटाला धरून.

आता मुख्य गोष्ट. या प्रत्येक ठिकाणी साडू स्वतः समुद्राकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे. लाट फुटो, सूर्य बुडो, माणूस वळायचा नाही. यावरून मी एक विनोद तयार केला, की हा गडी पाण्याला घाबरतो, म्हणून त्याच्याकडे बघत नाही. लग्नाकार्यात पंगती उठल्या, की मी त्यांची नक्कल करायचो. पाठीमागे लाट आली म्हणून डोळे मिटणं, धोतर सावरणं, सगळं. ते धोतर नेसत नाहीत, पण नकलेत धोतर बरं दिसतं. लोक पोट धरून हसायचे. साडूही हसायचे. इतकी वर्षं त्यांनी एकदाही खुलासा केला नाही, आणि मीही कधी विचारला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. मुलीने त्यांना विश्रांतवाडीला आपल्या घरी नेलं, आणि सहली संपल्या. मी भेटायला गेलो तेव्हा उशाशी पंचांग होतं आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसत होते. नातीने चहा आणून दिला आणि माझ्यासमोरच विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच समुद्राला घाबरता? नाना आजोबा सांगतात तसं?" साडू हसले. "हो गं, फार."

ती आत गेली. मी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, खरं काय ते सांगा तरी," मी म्हटलं.

"खरं काय असायचंय, नाना? आमच्या आईने कसब्याबाहेरचं काही पाहिलं नव्हतं. मला नोकरी लागली तेव्हा तिला समुद्रावर घेऊन गेलो. मीही पहिल्यांदाच बघत होतो. खुळ्यासारखा लाटाच बघत बसलो. आईकडे वळलो तोवर तिने डोळे पुसून पदर खाली घेतलेला. 'मोठा आहे रे,' एवढंच म्हणाली. तिने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता, ते मला कधीच कळलं नाही." मग म्हणाले, "तेव्हापासून ठरवलं, की दुसऱ्या कुणाचा चुकवायचा नाही."

त्या माणसाच्या नातीने त्याला भित्रा समजावं, ही माझी कमाई. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. तिने वाचावं, आणि ज्यांनी ज्यांनी माझी नक्कल पाहिली त्यांनीही.

त्यानंतर हिवाळ्यात मी गाडी ठरवली. मुलगी नको नको म्हणत होती. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेच्या टेकडीवर गाडी थेट वरपर्यंत जाते, गुडघ्यांना काम नाही. खाली लागोपाठ दोन किनारे, मध्ये खडकाचं टोक. साडू काठी टेकत उतरले आणि सवयीने समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यांना धरून त्यांना फिरवलं. "आज तुमची पाळी. आज मी बघतो."

"काहीतरीच तुमचं, नाना," ते म्हणाले, पण वळले. मग त्यांचा खालचा ओठ हळूच सुटला, आणि काठीवरच्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकू लागला. तिथी मोजत होते. मोजता मोजता अंगठा मध्येच थांबला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

त्या संध्याकाळी आरे-वारेचा समुद्र कसा होता, ते मला विचारू नका. माझी त्याच्याकडे पाठ होती.