इवायाची विहीर

भोकर तालुक्यात माझ्या इवायाइतका हट्टी माणूस दुसरा न्हाई, आणि उभ्या मराठवाड्यात म्हणाल तर मी सोडून कोणी न्हाई. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. सत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळे, पण रानातनं खाकरले की गावातली कुत्री उठून बसतात. लोक लग्नाचं आवतन देतात, हे आंघोळीचं देतात. कुठं कुणाची बायको, भाऊ, लेक गेलं की हे तेराव्याला हजर. जेवून हात धुतले की घरधन्याच्या कानात सांगणार, "सोमवारी दिवस उगवायला आमच्या विहिरीवर या. टावेल आणा. साबण नको, मासे मरतात." पोहता येत न्हाई म्हणणाऱ्यासाठी ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून ठेवलेली, त्यामुळं सुटका न्हाई.

ह्याची सुरुवात अशी, की इवाईनबाई गेल्या तेव्हा हे आठ दिवस खोलीतनं निघाले न्हाईत आणि नवव्या दिवशी भर थंडीत विहिरीत उडी टाकली. गाव दोर घेऊन धावलं. बघतात तर हे खाली मजेत पोहायले. "बघायलाव काय? उतरा!" म्हणले. दोघं उतरले, तेव्हापासून हिवाळाभर दर सोमवारी पाच-सहा गडी उतरतात. इवायाचं म्हणणं, बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतात, गडीमाणूस नुसता तंबाखू मळत बसतो. गार पाण्यात दात वाजायले की खोटं बोलता येत न्हाई. म्हणून विहिरीचा कायदा एकच : गेलेल्याचं नाव मोठ्यानं घेतल्याशिवाय वर यायचं न्हाई. हदगावचा एक जण बैलाचं नाव घ्यायला लागला, तर बाकीचे हसले. इवायानं डोळे वटारले. "गेलेलं ते गेलेलंच असतंय. घे रे, अजून मोठ्यानं घे."

मी शिरूर अनंतपाळचा. चौथीत शाळा सोडली, त्यानंतर कुणाचं ऐकलेलं न्हाई. मागच्या पावसाळ्यात घरातली गेली आणि मी जेवण, बोलणं दोन्ही टाकलं. लेकीनं मला भोकरला आणलं, पण तिथंबी ताट तसंच परत जायचं. बाप हातचा चालला, म्हणून ती चुलीपुढं बसून डोळे पुसायची. हे इवायानं बघितलं.

"पाव्हणं, उद्या विहिरीवर."

"मला सर्दी हाय."

"ती तिथंच सोडून या."

पाणी कसलं, विळ्याचं पातं! गुडघ्यापर्यंत गेलो तर पाय माझे न्हाईतच. एकेकानं नाव घेतलं आणि वर गेला. माझी पाळी आली. आमच्यात बायकोचं नाव घेत न्हाईत. जन्मभर मी तिला "ऐकलं का" म्हणलो, आणि तिनं ऐकलं. तसं मी सांगितलं.

"मंग बसा आत," इवाई म्हणले, आणि स्वतः गळ्याइतक्या पाण्यात पायरी अडवून बसले. वरची मंडळी चहा पिऊन झाली तरी आम्ही खालीच. इवायाचे ओठ जांभळे पडले.

"वर जा की, मराल," मी म्हणलो.

"तुम्ही नाव घ्या, जातो."

"न्हाई घेत."

"मंग मरू दोघंबी. सूनबाईला एकाच दिवशी बाप न् सासरा, दोन्ही उरकतील."

मला हसूच फुटलं, पाच महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता दात वाजले आणि त्या वाजण्यातनं कसं कुणास ठाऊक, निघालं, "कौसल्या."

"मोठ्यानं!"

"कौसल्या!"

ते नाव भिंतीभिंतीनं फिरलं आणि माझा बांध फुटला. इवायानं तोंड फिरवलं आणि खळाखळा चुळा भरायला सुरुवात केली. इतक्या जोरात, की म्हशीनं लाजावं. वरच्यांना माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून हा माणूस गार पाण्यानं घसा फोडून घेत होता.

घरी आलो तर इवाई तीन गोधड्यांखाली शिंकायले, आणि तिथूनच पुढच्या सोमवारची वेळ सांगायले. लेकीनं ताट ठेवलं. मी अख्खी भाकर खाल्ली. ती ताटाकडं बघत होती, माझ्याकडं न्हाई.

"कौसल्या ह्याहून पातळ थापायची," मी म्हणलो.

लेकीचा हात परातीत थांबला. तिच्या आईचं नाव माझ्या तोंडून तिनं कधी ऐकलंच नव्हतं. मग तिनं पिठाचा दुसरा गोळा घेतला आणि लई वेळ थापत राहिली, पातळ, अजून पातळ.