चौथं मत

त्या निवडणुकीत मी शपथ मोडली आणि बायकोचं मत फिरवलं, असं आमच्या गावात आजही छातीठोकपणे सांगतात. काहीजण उलट माझं कौतुक करतात, की मी तिला मताचा हक्क समजावून दिला. दोन्ही खोटं आहे. एसटीत, भोरच्या बाजारात मी हे तोंडावर खोडून काढलं. आता लिहूनच ठेवतो.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या गावाची रीत अशी. ग्रामपंचायतीच्या मतदानाआधी देवळात बेल-भंडाऱ्याचं ताट येतं. घरचा कर्ता भंडारा उचलून शपथ घेतो आणि घरातली सगळी मतं बांधली जातात. जागा बायकांसाठी राखीव, उमेदवार दोन्ही बायकाच, तरी ताटाला हात पुरुषांचेच. गावच्या पुढाऱ्याच्या सुनेसाठी मीही भंडारा उचलला, आमच्या दोन मतांचा. कुणी बळजबरी केली नव्हती.

विरोधात वरच्या वस्तीवरची एक सून होती, वस्तीला पाणी मागणारी. तिच्या घरची मतं तीन. मोजणीत चार निघाली.

पुढाऱ्याची सून जिंकली, गुलाल उधळला. पण त्याच संध्याकाळी चौघेजण दारोदार फिरू लागले. आमच्या ओट्यापाशी आले, बसले नाहीत.

"नाना, समद्यांनी भंडारा उचललाय. मग चौथं मत कुणाचं?"

"सापडलं तर लोणचं घालणार काय त्याचं?" मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. पिठाच्या हातांनी बायको बाहेर आली.

"माजं हाय."

"नानी, नानांनी शपथ घेतलीया."

"त्यांनी घेतली, त्यांनी पाळली. माजा हात लागला न्हाई भंडाऱ्याला. त्या यंत्रापुढं म्या एकलीच हुते."

मला राग आला, हे कबूल करतो. चाळीस वर्षांत तिने मला विचारल्यावाचून माहेरी निरोपही धाडला नव्हता. पण रागाहून भीती मोठी होती. जाताना एकाने आमच्या भाताच्या खाचराकडे पाहिलं, बराच वेळ.

आमच्याकडे भातलावणी सावडीनं होते. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. त्या साली आम्ही दोघं सहा घरी राबलो. त्यांनी राबू दिलं. आमच्या पाळीच्या सकाळी एकही माणूस आला नाही. बांधावर मात्र उभे होते, बघत. दोघांनी लावलं तेवढंच लागलं. उरलेली रोपं पिवळी पडली.

"काय मिळालं? ती तर पडलीच," मी चिखलातच चिडून विचारलं.

"पडली. पर त्यास्नी दारोदार फिरावं लागलं का न्हाई?"

मी रोपांची पुढची मूठ उचलली आणि लावत राहिलो.

आता निवडणूक पुन्हा आली आहे. यंदा ताट घरोघर फिरतं, आणि बायकांनीही हात लावायचा असं ठरलं आहे. काल ते आमच्या दारात आलं.

"मी उचलणार नाही," मी सांगितलं. "तिचं तिला विचारा."

"तव्यावर भाकर हाय," म्हणाली आणि आत गेली.

त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि निघून गेले. ते अजून तिथेच आहे. यात मी तिला काहीही शिकवलेलं नाही, हे पुन्हा सांगतो. रोपांसाठी बी मात्र यंदा आम्ही दोघांच्या हातांना पुरेल एवढंच टाकलं आहे.