उमेदवार येईपर्यंत

“मले विचारा ना. मी इथंच आहो.”

हे वाक्य तो दिवसातून निदान तीनदा म्हणायचा, आणि रागाने कधीच नाही. कार्यालयात कोणीही आलं की त्याच्यासमोर उभं राहून माझ्याशी बोलायचं. ह्यांना पत्र मिळालं का, हे जेवले का, हे किती वाजताच्या गाडीने जातात. तुम्हीही पाहिलं असेल, एखाद्याला दिसत नाही म्हटलं की लोक त्याला ऐकूही येत नाही असं धरून चालतात. मग तो मान जराशी वर करून, आवाजाच्या दिशेने तोंड वळवून हे वाक्य म्हणायचा. समोरचा ओशाळायचा आणि पुढचा प्रश्न पुन्हा मलाच विचारायचा.

आमच्या गोंदियातल्या कार्यालयात तो टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला होता. सौंदडहून रोज गाडीने यायचा आणि स्टेशनपासून काठी टेकत पायी. आल्या आल्या रस्त्यावरच्या बातम्या द्यायचा. कोणत्या दुकानाचं शटर आज उघडलं नाही, कुठे नाली खोदून ठेवली आहे, हे डोळे असलेल्या आम्हाला त्याच्याकडून कळायचं.

पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि एक दिवस टेलिफोनचा बोर्ड काढून नेला. बोर्ड गेला, ऑपरेटर राहिला. त्याला कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक खुर्ची दिली आणि सांगितलं, बसून राहा. चार वर्षं तो बसून राहिला. सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत, हात मांडीवर ठेवून. “पगार तर मिळून राहिला ना,” असं लोक म्हणायचे. मीही एकदा म्हटलं.

“भाऊ, तुम्ही एक दिवस बसून पाहा,” तो म्हणाला. “फक्त एक दिवस. पेपर नाही वाचाचा, मोबाइल नाही पाहाचा, झपकी नाही घ्याची. मंग सांगा मले पगाराचं.”

मी बसलो नाही. मला काम होतं.

त्या खुर्चीतून त्याला बाहेर काढलं ते भंगारात निघालेल्या एका कॉम्प्युटरने. तो त्याने साहेबांकडून मागून घेतला आणि त्यात जगभरातले लोक मिळून बनवतात आणि फुकट वाटतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तिच्यात पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक आवाज होता. नाकात बोलणारा, आणि त्याने तो इतका भरधाव केला होता की आम्हाला मळणीचं मशीन चालल्यासारखं वाटायचं. त्याला मात्र त्यातला शब्द न् शब्द कळायचा. वर्षभरात त्याने आवक-जावकचं काम मागितलं. पत्रं बहुतेक ईमेलनेच येतात, कागदावरची तो स्कॅन करून मशीनकडून वाचून घ्यायचा. साहेब तयार झाले, पण एक अट घातली. “देखो भाई, अकेले होत असेल तर करा. मदतीला दुसरा माणूस बसवावा लागला तर एका कामाला दोन माणसं होतात. ते मला परवडणार नाही.”

अट त्याने आनंदाने मानली. दोन वर्षं एकही पत्र चुकलं नाही. तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, तक्रार कोणत्या गावाहून कितीदा आली हे तो रजिस्टर न उघडता सांगायचा.

आता जरा मशीनचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मशीन सुरू केलं की पहिल्यांदा पासवर्ड मागतं. तिथे आवाज बोलला तर त्याला कळणार, की हां, आता टाइप करायचं. मागच्या आवृत्तीत नेमका तिथेच आवाज मुका झाला होता. आत गेल्यावर बोलायचा, दारात नाही. त्याने एका फाइलीत एक ओळ बदलून ते दुरुस्त केलं. “त्या एका ओळीले दोन महिने लागले भाऊ,” असं तो सांगायचा, पोराचा निकाल सांगावा तसं.

मग परिपत्रक आलं. जुन्या आवृत्तीची मशीनं महिनाअखेरीस कार्यालयाच्या नेटवर्कवरून बंद होणार. नवी आवृत्ती येण्याच्या बेतात होती, आणि त्याआधी तिचा ‘रिलीज कँडिडेट’ येणार होता. म्हणजे जवळजवळ शेवटचं रूप. त्यात कोणाला मोठा दोष सापडला नाही तर तेच जगाला वाटायचं. दोष सांगायचा तर तेव्हाच.

तो त्याला ‘उमेदवार’ म्हणायचा. रोज सकाळी मशीनवर तळहात ठेवून, पंखा फिरतोय ना ते बघून, तो पहिल्यांदा ती सिस्टिम बनवणाऱ्यांचं पान उघडायचा. उमेदवार दोनदा लांबला. आम्ही चेष्टा करायचो, की बाबा, अर्ज तरी भरला का त्याने, का पक्षच बदलला.

“हसा तुम्ही,” तो म्हणायचा. “बनवणाऱ्याले डोळे आहेत. दारात आवाज नाही हे त्यायले कसं समजंल? ते मलेच जाऊन पाहा लागते. सगळे गेल्यावर मागून ओरडून काय फायदा?”

मला तेव्हा त्याची थोडी गंमतच वाटायची. एका पासवर्डच्या चौकटीसाठी माणूस महिनाभर इतका घुसमटतो, हे मला पटायचं नाही. माझी सगळी दारं उघडीच होती ना.

उमेदवार आला एका शुक्रवारी. दुपारी तो मशीनवर चढवायला त्याने मला शेजारी बसवलं. अर्ध्या वाटेत आवाजाचेच भाग बदलले जातात, त्यामुळे मशीनचा गळा बसतो, तेवढा वेळ मी वाचून दाखवायचं. “सगळं वाचा भाऊ. समजलं नाही तरी वाचा.”

मी वाचलं. तासभर वाचलं. इंग्रजी नावांची लांबच लांब माळ, एकाही शब्दाचा अर्थ लागत नव्हता. तो पुढे वाकून ऐकत होता. तेवढ्यात कँटीनची बाई चहा घेऊन आली. “बाबू को शक्कर वाली दूँ के फीकी?” तिने मला विचारलं. “शक्कर वाली,” मी म्हणालो. त्याच वेळी पडद्यावरची माळ थांबली आणि एक प्रश्न आला. ह्या फाइलीत तुम्ही बदल केलेला आहे. तुमची जुनी ठेवायची की नवी टाकायची?

मी ‘नवी’चं अक्षर दाबलं. हातात कप होता, मान दुखत होती, आणि नवं करायलाच तर बसलो होतो. माळ पुन्हा पळू लागली.

“काऊन थांबले?” त्याने विचारलं.

“चहा,” मी म्हणालो.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. तो तळहात मशीनवर ठेवून वाट पाहत राहिला. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. आवाज आला नाही. पंखा तेवढा घुरघुरत होता.

“आला का दारात?”

“आलं. पासवर्ड मागून राहिलं.”

त्याने तळहात मशीनवरून उचलला. मग म्हणाला, “नाहीच सुधरवलं त्यायनं.”

मला त्या प्रश्नाची आठवण तिथल्या तिथे झाली. तरी मी स्वतःची समजूत घातली, की त्या एका अक्षराचा आणि ह्याचा काय संबंध.

सोमवारपासून त्याने अंदाजाने आत जायचा खटाटोप सुरू केला. बटण दाबायचं, मनात सत्तरपर्यंत मोजायचं, मग एंटर, मग पासवर्ड. कधी साधायचं. कधी मशीन हळू चालायचं आणि तो काळ्या पडद्यावर टाइप करत बसायचा. एकदा तर त्याने पासवर्ड भलत्याच चौकटीत टाइप केला आणि तो अक्षर न् अक्षर सगळ्यांना दिसेल असा पडद्यावर उमटला. मी घाईने पुसला, पण वाचला होता. वाचायला नको होता. काय होता ते मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

बुधवारी अकरा वाजेपर्यंत त्याला आत जाता आलं नाही. मी उठून त्याच्याकडे गेलो आणि साहेबांनी ते पाहिलं. त्यांना अट आठवली. संध्याकाळी आवक-जावक एका नव्या बाईंकडे गेलं. त्याला सांगितलं, “तब तक आराम से बैठो.”

तो खुर्ची उचलून पुन्हा कपाट आणि खिडकीच्या मध्ये जाऊन बसला. हात मांडीवर. मला माझ्या टेबलावरून तो सरळ समोर दिसायचा, आणि त्या दिवसांत मी टेबल फिरवून घ्यायचा विचारही केला होता.

त्याने हातपाय गाळले नाहीत. मोबाइलवरून त्या परदेशातल्या लोकांना कडक पत्र लिहिलं, की दारातला दोष तसाच आहे. उत्तर आलं, आमच्याकडे तर बोलतंय, चढवताना मधे काही प्रश्न विचारला होता का?

“भाऊ, मधी काही विचारलं होतं का त्यानं?”

“नाही,” मी म्हणालो.

का म्हणालो? आज सांगायला काही कारण नाही. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर परत घेता येईना. त्याने लिहून पाठवलं आणि मला मराठीत सांगितलं. “प्रश्न विचारला नाही. माझे सहकारी पूर्ण वेळ पडद्याकडे पाहत होते. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे.” वर म्हणाला, “तुमची साक्ष टाकली.”

त्या साक्षीवर त्या लोकांनी आवृत्ती अडवून धरली. दोष सापडेपर्यंत वाटायची नाही म्हणे. कोण कुठली माणसं रोज त्याला पत्रं लिहू लागली, हे करून पाहा, ते करून पाहा. त्याला केवढा अभिमान. “आपल्या एका पत्रावर थांबले ते,” असं त्याने चहाच्या बाईलाही सांगितलं. आणि मी नसलेल्या दोषाचा एकटा मालक होऊन बसलो होतो. जेवण जाईना. घरी बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

आठ दिवस मी असे काढले. नवव्या दिवशी संध्याकाळी त्याच्याबरोबर स्टेशनवर गेलो. सौंदडची गाडी लागायची होती. फलाटावरच्या बाकावर मी त्याला सगळं सांगितलं.

“काय होता प्रश्न?” त्याने विचारलं. “जसा होता तसा सांगा.”

मी सांगितला.

“अन् तुम्ही काय दाबलं?”

“नवी.”

“काऊन?”

“मला वाटलं, नवी म्हणजे चांगलीच असेल.”

“मले काय पाहिजे, हे मले विचारावं नाही वाटलं तुमाले?”

गाडी लागली. एरवी मी दंड धरायचो तर धरू द्यायचा. त्या दिवशी त्याने हात सोडवून घेतला आणि काठीने डब्याची पायरी शोधली.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या लोकांना पत्र लिहून मला ऐकवलं. “प्रश्न आला होता. उत्तर मी चुकीचं दिलं. तुमचा वेळ वाया गेला, माफी असावी.”

“मी काय म्हणून?” मी म्हणालो. “माझं सांगा ना त्यांना.”

“मशीन माझी आहे भाऊ,” तो म्हणाला.

मशीनने जुनी फाइल बाजूला जपून ठेवली होती. नव्या कोऱ्या फाइलीत दारातला आवाज बंदच असतो, त्याच्या त्या एका ओळीनेच तो चालू व्हायचा. त्याने जुनी परत जागेवर ठेवली आणि आवाज दारात बोलू लागला, पहिल्यासारखा नाकात. पाच मिनिटांचं काम. पण आवक-जावक परत आलं नाही. मी साहेबांकडे दोनदा गेलो, चूक माझी होती हेही सांगितलं. साहेब म्हणाले, “रहने दो. बाईंचं बसलंय आता नीट.” वर मला म्हणाले, की तुमचं मन फार मऊ आहे.

तो आणखी सात महिने त्या खुर्चीत बसला. माझ्याशी बोलायचा, हसायचाही. मदत मात्र कसलीच मागितली नाही. मग त्याने स्वतःच अर्ज करून देवरीला बदली मागून घेतली. तिकडे जायला कोणी तयार नसतं, त्यामुळे लगेच मिळाली. जाताना मशीन पोत्यात बांधून बसमध्ये मांडीवर घेऊन गेला. त्याच्या खुर्चीवर आठवडाभरात फायलींचा गठ्ठा चढला. तिथे कोणी बसत होतं असं आता नव्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही.

मी मागच्या वर्षी निवृत्त झालो. अधूनमधून त्याला फोन करतो. देवरीत आवक-जावक त्याच्याकडेच आहे. परवा पेपरात नव्या आवृत्तीविषयी काहीतरी वाचलं आणि विचारलं, “आला का उमेदवार?”

“आला ना. झालंही चढवून, गुरुवारी.”

“जवळ कोण बसलं होतं?”

“कोणी नाही.”

“मग गळा बसला तेव्हा?”

“तसाच बसलो. दीड तास. दर पाच मिनिटांनी एंटर दाबत गेलो. एंटर म्हणजे जुनी राहू दे. मी विचारून घेतलं होतं त्यायले.”

“आणि काही दुसरंच विचारलं असतं तर?”

“तर बिघडलं असतं,” तो म्हणाला. “पण मंग माझ्या हातानं बिघडलं असतं, भाऊ.”